गोल मोडायचा नाही

एकनाथ मांडवकर हाडाचा सुतार. ओमानमधल्या सलालाह शहरात बावीस वर्षं दारंखिडक्या बसवतोय, अर्बाबसमोर, म्हणजे मालकासमोर, मान खाली घालून. पण जाखडीचा विषय निघू दे, मग हाच माणूस कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

जाखडी म्हणजे त्याच्या गुहागरकडचा गणपतीतला नाच. मधे गाणारा आणि मृदंगवाला बसतो, भोवती पायात चाळ बांधून गडी फिरतात. तोंडं आत, मृदंगाकडे. लोकांना पाठ दिसली तर दिसली.

यंदा खरीफच्या, म्हणजे तिथल्या पावसाळ्याच्या, महोत्सवात, उघड्या मैदानातल्या स्टेजवर, त्याच्या मेळ्याला पहिल्यांदाच दहा मिनिटं मिळाली. सहा महिने दर शुक्रवारी गड्यांनी घाम गाळला. आणि शेवटच्या तालमीला आले तिथल्या मराठी मंडळाचे सांस्कृतिक सचिव आशुतोषसर. पुण्याचे, माणूस वाईट नाही, पण सगळं आपल्यालाच कळतं हा जुनाट आजार! पाहुण्यांना पाठ दाखवणं हा अपमान आहे, गोल मोडा, रांगेत उभे राहा, नाहीतर नाव कापतो, म्हणाले. गडी चुळबुळले. अशी संधी पुन्हा कुठे मिळायची?

एकनाथ शांतपणे म्हणाला, "रांगेत रेशनला उभा राहीन, सर. नाचायला नाय."

नाव कापलं गेलं. तरी महोत्सवाच्या संध्याकाळी सगळा मेळा भुरभुर पावसात हजर. स्टेजसमोर, खुर्च्यांच्या मागे, हौशी लोकांना नाचायला जागा मोकळी ठेवली होती. काही ओमानी म्हातारे तिथे काठ्या घेऊन नाचून नुकतेच टेकले होते, तेही गोलातच. एकनाथने पोलिसाला रीतसर विचारलं. तो हसून म्हणाला, यल्ला, चला, होऊ दे.

भीती नव्हती असं कोण म्हणेल? पण मृदंगावर थाप पडली, चाळ वाजले, आणि भीती खलास. आधी ते म्हातारे उठून भोवती आले, मग बायकापोरं. स्टेजवर दुसऱ्या पथकाचा रांगेतला नाच चालू होता, पण खुर्च्या एकेक करून रिकाम्या झाल्या. शेवटी प्रमुख पाहुण्यांनीही आपली खुर्ची उलटी फिरवून घेतली.

आशुतोषसर धावत आले आणि एकनाथच्या मागे उभे राहून हाका मारू लागले. एकनाथने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"सर," तो नाचता नाचताच म्हणाला, "स्टेजकडे आता कोणाकोणाची पाठ हाय, तेवढं बघून घ्या."

आणि पुढच्या फेरीला निघून गेला.