बाईंचे पाय

"हात लावलाच आहेस, तर अंगठ्यानं दाब. खड्डा पडतो का बघ."

भोरला नर्सिंगला नाव घातलं त्या दिवशी मी बाईंच्या पाया पडले आणि आशीर्वाद म्हणून मला हे मिळालं. मी वाकलेली, आई मागं पिशवी धरून उभी, आणि बाई पाय पुढं करून वाट बघतायत. मी घाबरत घाबरत नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला नाही.

"म्हणजे पाणी जागेवर आहे," बाई म्हणाल्या. "ऊठ. पायाला हात लावायचा तो सूज बघायला. नमस्काराला नाही."

एसटी स्टँडवर आई मला हळूच म्हणाली, "डोक्यानं बऱ्या हायेत ना गं त्या?"

कॉलेजात बाकी सगळ्या मॅडम होत्या, बाई ह्या एकट्याच. आजारात शरीराच्या आत काय बिघडतं, हा त्यांचा विषय. दुसरं कुणी असतं तर त्यानं वहीत उतरवून देऊन मोकळं केलं असतं. बाईंचा मात्र एकच प्रश्न. जुलाबानं सुकलेलं पोर असो, भाजलेली बाई असो, नाहीतर पोटात पाणी झालेला दारुडा, बाई फळ्याकडं पाठ करून विचारायच्या, "पाणी कुठं गेलं? रक्तात आहे, पेशीत आहे, का दोन्हींच्या मधल्या जागेत? पाणी नुसतं गायब होत नाही गं पोरींनो. शोधा." एकदा माझ्या हातून चहा सांडला तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. मी म्हटलं, "तुमच्या साडीवर गेलं, बाई." बाई खळखळून हसल्या. मला वाटलं होतं, आता बोलणी बसणार.

आम्ही बहुतेक शेतकऱ्यांच्या पोरी. म्हणून त्या रक्ताच्या नळ्या ठिबकवरून शिकवायच्या. नळीची भोकं मोठी झाली, की पाणी वाटेतच मातीत जिरतं. माती फुगते, नळी रिकामी पडते. "मग आधी कोण सुकतं?" आम्ही सांगायचो, "चढावरचं झाड." डोकं म्हणजे ते चढावरचं झाड. "मग काय करायचं?" आणि सगळा वर्ग ओरडायचा, "चढ काढायचा!" म्हणजे माणूस आडवा करायचा आणि त्याचे पाय वर उचलायचे.

प्रतिकारशक्ती शिकवताना त्या स्वतःवरच घसरायच्या. अंगात राखणीचं कुत्रं असतं, म्हणायच्या. पहिल्यांदा आलेल्याला ते नुसतं हुंगून ठेवतं, दुसऱ्यांदा आला की ओळखून धरतं. "माझं कुत्रं मात्र येडं आहे. चोर माशीएवढा, आणि हे घराचीच कौलं उचकटतं." त्यांना पूर्वी एकदा मधमाशी चावली होती, तेव्हा नुसत्या गांध्या उठल्या. पुन्हा चावली, तेव्हा चक्कर येऊन पडल्या. तिसऱ्यांदा काय होईल ते आम्हाला त्यांनीच सांगितलं होतं. नळ्यांची भोकं एकदम मोठी होतील, सगळं पाणी बाहेर पडेल आणि हृदयाला ढकलायला काही उरणार नाही. म्हणून पिशवीत जेवणाच्या डब्याशेजारी दुसरा छोटा डबा असायचा. त्यात अॅड्रेनालिनच्या दोन काचा, म्हणजे अशा वेळच्या औषधाच्या बंद कुप्या, आणि सुया. आम्ही चिडवायचो, "बाई, आज डब्यात काय?" त्या म्हणायच्या, "बेसन."

शेवटच्या वर्षाला आम्ही आरोग्य पाहणीला मार्गासनीच्या वरच्या अंगाच्या धनगरवाड्यावर गेलो. मार्गासनी माझंच गाव. माझ्या चुलत्यांनी, तात्यांनी, आम्हाला त्यांच्या टेम्पोतून वर पाठवलं, आणि टेम्पो दूध घेऊन खाली गेला. तात्या मागनं मोटारसायकलवर आले. पुतणी नर्स होणार, हे त्यांना वाड्यावर मिरवायचं होतं.

कडेच्या उंबरावर आग्या मोहोळ होतं. बाईंनी लांबूनच पाहिलं आणि आम्हाला पलीकडच्या वाटेनं नेलं. पण घारीनं झडप घातली असावी. मोहोळ उठलं. वाड्यावरची माणसं शहाणी, त्यांनी घोंगड्या टाकून आम्हाला घरात ओढलं. बाई दारात उभ्या राहून एकेकीला आत ढकलत होत्या. शेवटी आत आल्या तेव्हा मानेला हात होता.

"चावली," एवढंच म्हणाल्या. "डबा."

बघता बघता त्यांचे ओठ सुजले, डोळे मिटायला आले, अंगावर लाल चट्टे उठले. मी काच फोडली, निम्मं औषध सुईत भरलं आणि साडीवरूनच मांडीत टोचलं. माश्या पांगल्या तशी बायामाणसांनी गर्दी केली. कुणी कांदा आणला, कुणी पाण्याचा तांब्या. भिंतीला टेकून बसलेल्या बाईंची नाडी माझ्या बोटाला लागेना.

बाहेर तात्यांनी गाडी चालू केली. "आणा त्यास्नी. दोघांच्या मधी बसवू. शिवऱ्याला हायवेवर दवाखाना हाय."

आमच्याकडं दवाखान्यात माणूस असाच जातो, तुम्हीही पाहिलं असेल. साप चावलेला असो, म्हातारं असो, कळा सुटलेली बाई असो, दोघांच्या मधे बसवायचं आणि गाडी सोडायची.

तेवढ्यात बाईंचे ओठ हलले. "चढ," त्या म्हणाल्या.

"बघा, त्याच म्हणत्यात चढवा!" तात्या दारातून ओरडले. दोघांनी बाईंना बगलेत धरून उभं केलं आणि दाराबाहेर अंगणात आणलं. त्याबरोबर बाईंची मान मागं पडली आणि डोळे पांढरे झाले.

"खाली ठेवा!" मी किंचाळले. "चढवा नाही म्हणत त्या! चढ काढा म्हणतायत! आडवं करा!"

तात्यांपुढं मी तोवर कधी आवाज चढवला नव्हता. आमच्या घरात तशी पद्धतच नाही. धरणाऱ्या दोघांनी बाईंना खाली निजवलं, मी दोन्ही पाय उचलून उजव्या खांद्यावर घेतले आणि तशीच गुडघ्यावर बसले.

"आगं, बाईमानूस मातीत, पाय वर करून? चार मानसं बघत्यात, लाज हाय का न्हाई?" तात्या म्हणाले.

"बघू दे! टेम्पो बोलवा, तात्या. गाडीवर बसवलंत तर बाई वाटेतच जातील."

"आन् टेम्पो येईस्तवर गेल्या तर? तू देणार हायेस का जबाब?"

मी नुसती पाय घट्ट धरून बसले. तात्यांनी माझ्याकडं पाहिलं, गाडी बंद केली आणि मोबाईल काढला. वाड्यावरच्या एका म्हातारीनं आपलं लुगडं आणून दुसरीच्या हातात एक टोक दिलं. "गड्यांनो, तोंडं फिरवा तिकडं," ती म्हणाली, आणि आमच्याभोवती आडोसा झाला.

त्या आडोशात वर्गातल्या एका मैत्रिणीनं दुसरी काच फोडून पुन्हा औषध दिलं. बाईंचे पाय गार होते, टाचांना तांबडी माती. मी मनात म्हणत होते, बाई, तुम्हीच शिकवलंत, आता खोटं पाडू नका. टेम्पोचा आवाज घाटात आला तेव्हा मैत्रीण मनगट धरून म्हणाली, "लागतेय गं. बारीक आहे, पण लागतेय." मला रडू फुटलं.

टेम्पोत पेंढा टाकून बाईंना निजवलं. वाड्यापासून शिवऱ्यापर्यंत ते पाय माझ्या खांद्यावरच होते. तात्या पाठीला टेकण द्यायला माझ्यामागं बसले होते.

दवाखान्यात सलाईन चढलं, औषधं झाली. संध्याकाळी बाईंनी सुजलेल्या डोळ्यांच्या फटीतून मला हेरलं.

"पाणी कुठं गेलं होतं?"

"नळीबाहेर, बाई."

"नळीबाहेर कुठं?"

"तुमच्या तोंडावर. आरशात बघू नका."

"पास," बाई म्हणाल्या आणि झोपल्या.

पुढं बाई निवृत्त झाल्या. लग्न केलेलं नव्हतं. भोरातच भाड्याच्या खोलीत राहायच्या. मी ड्यूटी उतरले की जायची, त्या मला वॉर्डातले पेशंट विचारायच्या आणि चुकले की झाडायच्या. तात्या गावातून तांदूळ पाठवायचे. वाड्यावरची गोष्ट ते अजून सांगतात. हल्ली त्यात आधी आडवं करा म्हणणारे तेच असतात.

गेल्या थंडीत बाई झोपेतच गेल्या. तात्यांना घेऊन मी पोचले तेव्हा कॉलेजातल्या पोरी एकेक करून पायांवर डोकं ठेवत होत्या. आता ओरडायला बाई नव्हत्या. माझी पाळी आली तेव्हा माझा अंगठा आपोआप नडगीवर गेला. खड्डा पडला नाही.

खांदा द्यायला पुरुष पुढं झाले, तशी मीही उभी राहिले. बाईंच्या नात्यातले एक गृहस्थ म्हणाले, "आमच्यात बायका खांदा देत नाहीत."

तात्यांनी त्यांना हातानं बाजूला केलं. "हिला पायाकडची बाजू द्या," ते म्हणाले. "तिच्या खांद्याला सवय हाय त्याची."

मी उजव्या खांद्यावर घेतलं. थोडं चाललो असू, तर डोक्याकडच्या बाजूचा माणूस म्हणाला, "ताई, जरा खाली घ्या. पाय फार वर होतायत."

मी खाली घेतले नाहीत.