कावळ्याचा डबा

माझा नवरा हे माहीत नसतानाच गेला. शालूला, म्हणजे माझ्या मुलीला, अर्धंच माहीत आहे. उरलेलं अर्धं आजवर तोंडाबाहेर पडलं नाही. तुम्हाला सांगते — का, ते विचारू नका.

आम्ही मूळचे काळेवाडीचे. पंचावन्न-छप्पन सालचं सांगते. पिंपरीला कारखाने उभे राहत होते. नवरा एका कारखान्यात हमालीला लागला आणि मी तिथल्याच वसाहतीत एका बंगल्यात कामाला. यंत्रं बसवायला जपानी साहेब आले होते, त्यांचं बिऱ्हाड. साहेब, बाई आणि आठेक वर्षांची मिचिको. सगळे म्हणत होते, पोरगी मोटारीतून पुण्याला इंग्रजी शाळेत जाणार. पण बाईंनी तिला आमच्या मराठी शाळेत घातलं. त्यांचं म्हणणं एकच — हिला खेळायला कुणीतरी हवं. घरात पोर एकटी भिंतीशी बोलत बसायची. शाळेत तिला मैत्रीण मिळाली ती माझी शालू. दोघी एका बस्करावर बसायच्या.

डबा बाई स्वतः भरायच्या. ओल्या हाताला मीठ लावून गरम भाताचा गोळा वळायचा, पोटात लिंबाच्या लोणच्याची फोड — त्यांच्याकडचं आंबट फळ इथं मिळेना म्हणून. वरून काळे तीळ. बाजूला काकडी आणि गोडसर अंड्याची वडी. एवढंच. दुपारच्या सुट्टीत तो डबा मी शाळेत पोचवायचे.

आता तुम्हीच सांगा — भाताचा गोळा, वर काळे तीळ. हे आपल्याकडे कधी करतात? त्याच वर्षी माझे वडील गेले होते. दहाव्याला पवनेच्या काठी पिंड मांडलेला आणि कावळा काही शिवेना. ऊन डोक्यावर आलं. भावाने हात जोडून काय काय कबूल केलं, तेव्हा कुठे शिवला. तो गोळा माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. आणि इथं एक आई रोज सकाळी हसत हसत तसलाच गोळा लेकीच्या डब्यात घालत होती. बाईंना म्हणायचं होतं — तेवढे तीळ नका लावू. त्यांनी ऐकलंही असतं. पण मी कामवाली, मालकिणीला काय शिकवू, असं मनाशी म्हणायचे. खरं तर हिंमत नव्हती, दुसरं काही नाही.

एक दिवस शालू म्हणाली, "आई, मिचीनं मला तिचा भात दिला. लय चवदार हाय."

माझा हात उठला. पोरीच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाले, "मेलेल्या माणसाचा घास असतोय तो. परत तिच्याशेजारी बसलीस तर बघ."

शालूने वर्गात सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून मिचीने डबा उघडला की पोरं ओरडायची — काव, काव. कुंपणापाशी उभी राहून मी ऐकलंय. पहिल्यांदा मिचीला तो खेळच वाटला. तीही हात पसरून काव काव करत पोरांमागे धावली. पोरं लांब पळाली. शालूसुद्धा.

घरी जाऊन मिचीने आईला तो खेळ करून दाखवला. बाईंनी मला मोडक्या हिंदीत विचारलं, "पार्वती, बच्चा लोग कौआ — क्यों?"

समोर बसून विचारत होत्या. याहून चांगली वेळ कुठली यायची होती? मी म्हणाले, "खेल है बाई. बच्चा लोग को कौआ पसंद है."

बाईंचा चेहरा खुलला. दुसऱ्या सकाळी त्यांनी पेटीतून समुद्रातलं वाळवलेलं काळं पान काढलं. त्यांच्या देशाहून आणलेलं, जपून जपून वापरायच्या. कात्रीने कापून प्रत्येक गोळ्यावर एक कावळा बसवला. पंख, चोच, डोळ्याच्या जागी भाताचं शीत. गोळेही नेहमीपेक्षा जास्त केले, वर्गातल्या पोरांना वाटता यावेत म्हणून. मला विचारलं, "अच्छा?" मी म्हणाले, "अच्छा."

झाकण मी लावलं. रुमालात मी बांधलं. शाळेच्या वाटेवर ओढा होता, तिथे टाकून देता आलं असतं. पाय घसरला म्हटलं असतं. नाही टाकलं. पिंडाची भीती तर केव्हाच मागे पडली होती — आता भीती होती माझं खोटं उघडं पडायची.

कावळे बघून मिची इतकी हसली. डबा दोन्ही हातांनी पुढे धरून पोरांकडे गेली. एक पोरगा ओरडला, "शिवला, शिवला, कावळा शिवला!" आणि सगळा वर्ग खिदळला. मिचीला शब्द कळले नसतील. हसणं कळलं. डबा घेऊन ती शाळेच्या मागे गेली. मी तिच्यामागे गेले नाही. थोड्या वेळाने रिकामा डबा आणून तिने माझ्या हातात दिला.

संध्याकाळी बाई दारातच उभ्या. पोरांना आवडलं का, विचारत होत्या. मिचीने माझ्याकडे बघितलं. मग आईकडे बघून मान हलवली — हो. मीही म्हणाले, "बहुत पसंद आया."

शालूला अजून वाटतं, तो कावळा बाईंना आपला आपणच सुचला.

ते लोक आपल्या देशी परत जाईपर्यंत बाई रोज डब्यात कावळा करत राहिल्या. काळी पानं संपली तेव्हा तीळ एकेक चिकटवून केला. मिची रोज डबा रिकामा करून आणायची. आणि झाकण रोज मी लावत होते.