एकापर्यंत न पोचणारं उत्तर

तापलेल्या यूपीएसचा वास आला की नांदेडच्या आमच्या कॉलेजातली लॅब आठवते. माझ्या मुलीची प्रॅक्टिकल परीक्षा होती आणि मी तिथंच गणित शिकवायचो. सॉफ्टवेअरनं धन संख्यांसाठी क्ष/(क्ष+१) ची कमाल किंमत १.०००० दाखवली, तिनं लिहिलं, कमाल किंमत नाही, सुप्रिमम, म्हणजे वरची हद्द, एक, फलन तिथं पोचतच नाही. लातूरहून आलेले परीक्षक मार्क कापायला निघाले. "काय गं, कॉम्प्युटरपेक्षा शहाणी का?" "सर, ते राउंड करून राहिलंय. दशांश वाढवून बघा ना." वाढवले, तर एकाच्या जागी नऊच नऊ. "हाव की!" म्हणत त्यांनी पूर्ण मार्क दिले. बापानं वशिला लावला म्हणतील, म्हणून मी पाठ फिरवूनच उभा होतो. तिला वाटलं, बाप नाराज आहे. नव्हतो, पोरी, मला हसू आवरत नव्हतं.