कमानीपाशी वाहिलेला हार

"यंदा सोसायटीच्या झेंडावंदनाला मी नाही," असं आप्पांनी जानेवारीतच जाहीर करून टाकलं. ही २००६ची गोष्ट. आप्पा म्हणजे माझे वडील, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आदल्या वर्षी राष्ट्रगीत चालू असताना एकाचा मोबाइल वाजला आणि त्या गृहस्थाने तो चक्क घेतला, तेव्हापासून आप्पांचा पारा चढलेला होता. त्यांच्या पलटणीतला संतोष नावाचा जवान कारगिलनंतर काश्मीरमध्ये कामी आला होता. त्याचं गाव मंडणगड तालुक्यात. "त्याच्या गावी जाऊन सलामी देऊ," ते म्हणाले. मी लगेच होकार दिला. खोटं कशाला बोलू, माझा अर्धा जीव पुढच्या मुरुडच्या समुद्रात अडकला होता.

सव्वीस जानेवारीला पुण्याहून पहाटे निघालो. ताम्हिणी उतरून माणगाव, पुढे लोणेरे फाट्याला उजवीकडे वळायचं. आंबेतचा पूल ओलांडला की रत्नागिरी जिल्हा लागतो. म्हाप्रळनंतर रस्ता इतका उखडलेला की आप्पा म्हणाले, "यापेक्षा आमचा लडाखचा रस्ता बरा होता." स्टेपनी तपासूनच निघा. मंडणगडच्या एसटी स्टँडजवळ तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण पोटभर आणि स्वस्तात मिळालं.

गावाच्या फाट्यावरच सिमेंटची मोठी कमान होती. तिच्यावर तिरंगा रंगवलेला आणि खाली 'हुतात्मा जवान संतोष प्रवेशद्वार' अशी अक्षरं. आप्पांनी कोटावर पदकं लावली, टोपी नीट केली, झेंडूचा हार वाहिला आणि सलामी दिली. त्यांची पाठ ताठ होती. माझ्या अंगावर काटा आला. अशा गावांमुळे देश उभा आहे, असं काहीसं मी त्यांना म्हटलंही. फोटो काढले आणि आता मुरुड गाठावं म्हणून मी गाडीकडे वळले.

एवढ्यात शेजारी उभ्या टमटमचा चालक पुढे आला. विजय त्याचं नाव. "आयशीला भेटलाव काय त्याच्या? माजी काकी ती. खाली वाडीत असते."

काँक्रीटचा रस्ता देवळापाशी संपला. तिथून बौद्धवाडीकडे जांभ्या दगडांची पायवाट उतरत होती. संतोषची आई अंगणात काजूची पानं झाडत होती. आप्पांनी "जय भीम" म्हणून हात जोडले. तिने गवती चहा घातलेला कोरा चहा दिला, आप्पांची पदकं हातात घेऊन पाहिली आणि विचारलं, "शेड बगितलाव काय?"

आम्हाला कसली शेड ते कळेना. मग तिने सांगितलं. संतोषच्या नावाने सरकारकडून गावाला स्मशानशेड मंजूर झाली. चार खांब, वर पत्रे, दर्शनी बाजूला त्याचं नाव. ती बांधली गावच्या स्मशानात. वाडीचं स्मशान वेगळं, वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या काठी, उघड्यावर. दोन वर्षांपूर्वी आषाढात तिचा नवरा गेला.

"लाकडा पेटतच न्हवती. रॉकेल वतला, टायर घातला. अर्दाच जळला माजा मानूस. आनि तिकडं पोराची शेड मोकळी व्हती."

"कुणी अडवलं?" आप्पांनी विचारलं.

"अडवला कोनी न्हाय. या म्हनला पन कोनी न्हाय." तिने पदर सारखा केला. "आता माजा एकच मागना हाय. मी गेल्यावर मला तिथं न्या. पोराच्या नावाखाली."

आप्पा तडक सरपंचांच्या घरी गेले. सरपंच माणूस अगत्याचा. कोकम सरबत आलं. आप्पांनी संतोषचं नाव घेऊन शेडचा विषय काढला. "गावाचा अभिमान आहे हो तो! पण ज्यांची त्यांची जागा आहे. पूर्वीपासून चालत आलंय. उगाच कशाला कुणाची मनं दुखवायची?"

"कुणाची?" आप्पा म्हणाले.

सरपंचांनी सरबत संपवायचा आग्रह केला.

मुरुडला पोचलो तेव्हा ओहोटी होती. किनारा सुंदर आहे, घरगुती राहण्याची सोयही चांगली. आप्पा मात्र गाडीतून उतरलेच नाहीत. "चौकीत आम्ही एका ताटात जेवायचो गं," एवढंच म्हणाले. मीही पाण्यात पाय बुडवून परत आले. ज्या कमानीपाशी सकाळी ऊर भरून आला होता तिची आता चीड येत होती.

पुण्याला आल्यावर आप्पा सरपंचांना अधूनमधून फोन करत राहिले. पावसाळ्याआधी बैठक घेतो, असं उत्तर मिळायचं. पावसाळा आला. श्रावणात विजयचा फोन आला. काकी गेली होती.

"शेडकडं न्यायला निगालाव आमी. देवळापाशी गावची मानसा हुबी व्हती. कोनी काय बोलला न्हाय. नुसती हुबी. मग आमच्यातलीच म्हातारी मानसा म्हनाली, फिरा माघारी. वहाळावर आमी वर पत्रे धरून हुबे ऱ्हायलाव, जळंपरेंत."

"सरपंच आले होते?" मी विचारलं.

"आलते ना. वीरमाता म्हनून भला मोठा हार आनलानी व्हता. कमानीला घालून गेले."

आप्पांना मी सगळं सांगितलं. ते पदकांच्या डबीवर हात ठेवून लहान मुलासारखे रडले. पंधरा ऑगस्टला मात्र मी काही न सांगता आप्पा आपणहून सोसायटीच्या झेंडावंदनाला उतरले. "झेंड्याने काय केलंय?" म्हणाले. सलामी दिली, पण राष्ट्रगीताला त्यांचा आवाज फुटला नाही.

तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलात, तर कमान पाहून ऊर भरून येईल. येऊ द्या. पण तिथून माघारी फिरू नका. देवळामागची पायवाट धरा, वाडी ओलांडून वहाळापर्यंत जा. तिथे पाटी नाही, पत्रा नाही. हार नेला असेल तर तिथवर न्या. आमचा कमानीपाशीच राहिला.