खुडलेला मोहोर

सोनपेठकडचा रस्ता रुंद करताना आमच्या बांधावरचा आंबा तोडला. बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लहानपणापासून त्याचेच आंबे चोखलेले. मशीन आली त्या दिवशी ते घरातच बसून राहिले. मी पडलेल्या फांद्यांमधून चार काड्या उचलल्या आणि घरच्या कोवळ्या रोपांवर बांधल्या. एकच कलम जगलं.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे घरात माझं फारसं कोणी ऐकत नाही. तरी बापूंना सांगितलं होतं, कोयीतून आलेलं झाड लहानपणापासून सुरुवात करतं, कलमाचं तसं नसतं. जनुकं तीच, पण कोणती जागी ठेवायची नि कोणती गप्प, याच्या बारीक रासायनिक खुणा त्यांच्यावर असतात. काडी कापली तरी त्या पुसल्या जात नाहीत. रोप वीतभर असलं तरी काडीला आपलं वय ठाऊक असतं.

“म्हंजी माज्यासारकं म्हातारंच की,” बापू हसले होते.

हिवाळ्यात त्यांना कॅन्सर निघाला. उन्हाळा निघेल का, हे डॉक्टर सांगेनात. आणि माघात त्या गुडघ्याएवढ्या कलमाला मोहोर आला.

असा पहिला मोहोर खुडायचा असतो. फळ धरलं तर एवढ्याशा रोपाचा सगळा जीव त्यातच जातो, कधी रोपच वाळतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे दरवर्षी बजावते, बापूंनाही सांगितलं होतं. पण मी खुडला नाही. गेलं रोप तर जाऊ दे. बापूंना त्यांच्या झाडाचा एक आंबा मिळायला हवा होता, बाकी मला काही नको होतं.

एका रविवारी गावी गेले तर बापू अंगणात कलमाच्या कुंडीपाशी बसलेले. मोहोर मातीत पडला होता आणि त्यांच्या बोटांना चीक लागला होता.

मी ओरडलेच. “तुमच्यासाठी ठेवला होता ना!”

“तूच म्हन्लीस न्हवं, रोप मरतंय म्हनून? मी तं जायलोच, माय. त्याला कशाला संगं न्यायचं?”

मला त्यांचा भयंकर राग आला. त्या दिवशी मी त्यांच्याशी नीट बोललेसुद्धा नाही. चैत्रात ते गेले.

पुढची दोन वर्षं मोहोर मीच खुडला, दर वेळी रडत. यंदा ठेवला. रोप आता खांद्याला लागतं आणि त्याला तीन आंबे धरले. पहिला पिकला तो मी आईच्या हातात दिला. तिने देठ काढून चीक पिळला, एकदा चोखला.

“त्योच हाय गं,” ती म्हणाली. उरलेला आंबा तिला खाववला नाही.