घडल्याची वेळ, सांगितल्याची वेळ

मंगळवार, ९ एप्रिल. सकाळी धुकं. डाव्या गुडघ्याला तेल लावलं. वाटाणे सोलून ठेवले. सूनबाई साडेसहाला घरी आली. शुक्रवारपर्यंत लॅपटॉपचं दुखणं सापडलं नाही तर काम बाहेरच्या कंपनीला देणार आणि हिची जागा रद्द करणार, असं साहेबांनी तिला अकरा वाजता सांगितलं. तिने मला सांगितलं ६.५० ला.

माझी सून एका विमा कचेरीतले एकशे चाळीस लॅपटॉप सांभाळते. ते वापरणारी माणसंही तिच्याच गळ्यात आहेत, पण तिच्या मते त्यांच्यापेक्षा लॅपटॉप बरे. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिने न विचारता माझा रेडिओ उघडला, दुरुस्त केला आणि एक स्क्रू उरला तो काड्यापेटीत घालून वर ‘रेडिओ’ असं लिहून ठेवलं. रेडिओ अजून वाजतो. स्क्रू अजून काड्यापेटीत आहे.

कचेरीत विम्याच्या दाव्यांचे फॉर्म भरायचा प्रोग्राम मध्येच बंद पडे आणि भरलेला फॉर्म नाहीसा होई. एका आठवड्यात पंधरा जणांचा, पुढच्या आठवड्यात तीस जणांचा, आणि दर वेळी माणसं वेगळी. दोन महिने तिने प्रोग्राम काढून पुन्हा घातला, तारा बदलल्या, चार्जर बदलले. माझा मुलगा एकदा म्हणाला, “बंद करून परत चालू करून बघितलंस का?” त्याच्याशी ती दोन दिवस बोलली नाही.

त्या संध्याकाळी तिने तक्रारवही जेवणाच्या टेबलावर उघडली.

“आई, बघा ना. सोमवार सोडून सगळे वार आहेत. सकाळ आहे, दुपार आहे. काही मेळच नाही.”

मी चष्मा लावला. दाव्यांच्या विभागातल्या एका बाईंच्या सहा तक्रारी होत्या, सगळ्या गुरुवारी सकाळी सव्वानऊच्या. कचेरीत त्यांना तोफ म्हणतात.

“यांचा प्रोग्राम नेमाने सव्वानऊला पडतो?”

“छे! त्या राग साठवतात आणि दुसऱ्या दिवशी आल्या आल्या माझ्यावर डागतात.”

“मग ही वेळ कसली?”

“त्यांचा फोन आला त्याची.”

“अगं, मग ही तुझी डायरी झाली. लॅपटॉपची कुठे आहे?”

मिशनच्या शाळेत आम्हाला सिस्टरांनी डायरी लिहायला शिकवताना सांगितलं होतं की प्रत्येक गोष्टीच्या दोन वेळा लिहायच्या, घडलं ती आणि कळलं ती. माझे यजमान गेले तेव्हासुद्धा मी दोन्ही लिहिल्या आहेत. सूनबाईने वही पहिल्या पानापासून पुन्हा चाळली. वाटाणे गार झाले.

बुधवारी ती सातलाच गेली आणि एकशे चाळीस लॅपटॉपवर एकेक चिठ्ठी चिकटवून आली: ‘प्रोग्राम बंद पडला तर आधी इथे वेळ लिहा, मग मला शिव्या द्या.’ संध्याकाळी भरलेल्या चिठ्ठ्या एकतीस मिळाल्या. एकोणतिसांवर अकरा चाळीस. एकावर अकरा बेचाळीस. त्या गृहस्थांचं घड्याळ पुढे असतं. तोफेने लिहिलं होतं, ‘जेवणाच्या आधी, नेहमीप्रमाणे.’

गुरुवारी ती घरी आली ती थेट स्वयंपाकघरात, चपला पायात तशाच.

“आई, सापडलं. मीच आहे.”

जानेवारीत तिने एक लॅपटॉप नमुना म्हणून तयार केला होता. त्यात तात्पुरत्या फायलींचा केर काढायचं एक काम लावलं, चालतं का बघायला, दर बुधवारी अकरा चाळीसला. चाललं. मग ते काढायला विसरली आणि त्याच नमुन्यावरून बाकीच्या सगळ्यांत नक्कल उतरवली. अर्धवट फॉर्म प्रोग्राम त्या तात्पुरत्या फायलींतच ठेवी. अकरा चाळीसला ज्याचा फॉर्म उघडा, त्याचा केरात जाई.

“आता ते सगळ्यांमधून काढलंस?”

“काढलं. माझ्या टेबलावरूनच, दहा मिनिटांत.” मग हळूच म्हणाली, “कुणाला कळणारही नाही, आई. दुरुस्त झालं एवढं सांगितलं तरी पुरेल. खरं सांगितलं तर उद्याच घरी बसवतील.”

मी कुकर लावत होते. “वहीत काय लिहिणार आहेस?”

ती चपला काढून बाहेर ठेवून आली.

शुक्रवारी तिने साहेबांपुढे वही ठेवली, चूक कुणाची ते स्वतःच्या नावानिशी लिहून. साहेब म्हणाले, “म्हणजे दोन महिने तुम्ही स्वतःलाच शोधत होतात. काखेत कळसा नि गावाला वळसा.” जागा ठेवायची की नाही ते संध्याकाळपर्यंत सांगतो म्हणाले. साडेचारपर्यंत बोलावणं नाही. तेवढ्यात तोफ काहीतरी सही घ्यायला साहेबांच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं, त्यामुळे मजलाभर ऐकू आलं.

“राहू द्या हो तिला! नवा माणूस नव्या चुका करेल. हिच्या निदान सवयीच्या झाल्यात. आणि ही कबूल तरी करते, तुमच्यासारखं नाही.”

साहेबांनी सही केली. पाच वाजता सूनबाईला बोलावून सांगितलं की जागा राहील, पण एकशे चाळीस जणांना माफीची चिठ्ठी तिने स्वतः लिहायची. तिने ती लिहिली. तोफेने चिठ्ठीतल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवली.

शुक्रवार, १२ एप्रिल. गॅस संपला ४.४५ ला. सूनबाईने नवा सिलिंडर लावला ६.५० ला. लिहिलं सात वाजता.