स्टेअरिंग जड आहे, मी नाही

मुलाने निदान केलं ते जेवता जेवता. "आई, गाडीले काही नाही झालं. तुह्या खांद्यात आता दम नाही राह्यला." आणि शांतपणे भाकरीचा तुकडा मोडला.

गाडी माझ्या लग्नाच्याही आधीची, सासऱ्यांनी घेतलेली; पाठ गोल आणि डोळे मोठे. दिवाळीपासून तिचं स्टेअरिंग फिरता फिरत नव्हतं. फाटकातून वळवताना मी विहिरीतून बादली ओढावी तशी त्याला लोंबकळत होते. मुलाने तोडगाही काढून ठेवला होता. अकोल्याच्या एका लग्नाच्या लॉनवाल्याला अशी गाडी हवी होती. दाराशी उभी करायची, बॉनेटवर फुलांच्या कुंड्या मांडायच्या, नवरा-नवरीने शेजारी उभं राहून फोटो काढायचे. रविवारी तो न्यायला येणार होता.

"मंग मलेबी उभी कर तिच्या बाजूले," मी म्हटलं. "एक कुंडी डोक्यावर."

सून हसली, मुलगा नाही हसला. मग मीच ठरवून टाकलं. रविवारपर्यंत दोष शोधायचा. माझ्यात निघाला तर गाडी अकोल्याला जाईल. गाडीत निघाला तर ती इथेच राहील, आणि चालवेन मी.

हे निदान मी पूर्वीही एकदा ऐकलं होतं. तेव्हा आमचे हे मला बडनेऱ्याच्या रस्त्यावर गाडी शिकवत होते. स्टेअरिंग वळेना, तर म्हणाले, "बाईमाणसाचं मनगट, चालायचंच." आणि त्या वेळची ती शहाणी, म्हणजे मी, तिने गाडीला काही विचारलंच नाही. मनगटाच्या मागे लागली. घरातल्या चादरी पिळल्या, त्या संपल्यावर शेजारणीच्या पिळल्या. यांच्या सदऱ्यांची बटणं उडाली. पहाटे उठून पहिलवानासारखे भिजवलेले चणे खाल्ले. पुढे कधीतरी पंक्चरवाल्याने पुढच्या चाकांत हवा भरली आणि स्टेअरिंग लोण्यासारखं फिरायला लागलं. तर बाईसाहेबांना काय वाटलं? चणे लागू पडले! अकोल्याच्या बहिणीला पत्र लिहून कळवलंसुद्धा. तिनेही चणे सुरू केले. तिच्याकडे तर सायकलही नव्हती.

या वेळी मी चण्यांना हात लावला नाही. आधी हवा तपासली. ठीक होती. मग सुनेला हाक मारली.

"पोरी, जॅक आण. पुढची दोन्ही चाकं उचलायची."

"आई, ह्यांनी पाह्यलं तर?"

"पाहू दे. त्याचा दम कुठी आहे तेही समजंल."

चाकं वर घेतली, खाली जाड ओंडके लावले. आता जमिनीचा भार नाही, स्टेअरिंग हलकं फिरायला हवं. नाही फिरलं. म्हणजे टायर निर्दोष. मग स्टेअरिंगपासून चाकांकडे जाणारे दांडे सोडवायचे होते. नट काढले, हातोडीचे ठोके दिले. सुनेने दिलेले ठोके इतके मनापासून होते की ती नेमकी कोणाला मारते आहे, हे मी विचारलं नाही. दांडे सुटले आणि स्टेअरिंग एका बोटाने गरकन फिरलं. डावं चाक हाताने ढकललं, ते सहज वळलं. उजवं मात्र हटून बसलं होतं.

"हे पाह्य," मी म्हटलं. "खांदाच दुखते, पण हिचा."

चाक ज्या खिळीवर वळतं ती किंगपिन कोरडी ठाक होती. तिथे ग्रीस भरायचं बारीक तोंड असतं. ते सापडेचना, कारण ते रंगाखाली बुजलं होतं. मुलाच्या वरातीसाठी गाडी रंगवली, तेव्हा रंगाऱ्याने उदार मनाने खालूनही हात फिरवला होता. तेव्हापासून ग्रीस भरलं की ते तोंडाच्या बाहेरच गोळा व्हायचं आणि ज्याने त्याने पुसून "झालं" म्हणायचं.

"म्हणजे माह्या लग्नापासून हिले ग्रीसच नाही?" सून म्हणाली.

"वरातीत नाचाले सगळे होते. खाली पाहाले कोणी नव्हतं."

गोधडीच्या दाभणाने रंग खरवडला, रॉकेल सोडलं, चाक डावीकडे-उजवीकडे हलवत राहिलो. मग ग्रीसगन दाबली तसं आतून जळक्या गुळासारखं काळं काहीतरी बाहेर आलं. दांडे परत जोडून, नट आवळून चाकं खाली टेकवली.

मुलगा आला. त्याला स्टेअरिंगवर बसवलं. त्याने फिरवलं, परत फिरवलं.

रविवारी मी म्हटलं, त्या माणसाने कशाला यायचं? आपणच सांगून येऊ. मूर्तिजापूरमार्गे अकोला गाठलं. त्याचं घर जुन्या शहरात, मोर्णा नदीपलीकडे, हातगाड्यांनी भरलेल्या गल्लीत. मुलगा शेजारी बसून ओरडत होता, "आई, भिंत! आई, ओटा!" दोन्ही मला दिसत होती.

लॉनवाल्याने बॉनेट कुरवाळलं. "वा आजी, सोता घेऊन आल्या!"

"दाखवाले आणली," मी म्हटलं. "द्याले नाही. कुंड्या दुसरीकडे मांडा."

आणि त्याच गल्लीत, पुढे-मागे घेत, दोन ओट्यांच्या मधून गाडी अख्खी फिरवली. ओट्यावरच्या बायका भाजी निवडायच्या थांबल्या.

परतताना बोरगावच्या पुढे रस्ता मोकळा झाला तसा मुलगा खाकरला. "आई, मी चालवू काय थोडी?"

"राहू दे, बाबू," मी म्हटलं. "तुले जड जाईल."